वडा-पिंपळाचं बी कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही?

पितृपंधरवडा आला की हा मजकूर फिरतो: वड-पिंपळाचं बी कावळ्याच्या पोटात 'तयार' झालं तरच उगवतं, म्हणून त्याला घास घालायचा. घास जरूर घाला, पण कारण चुकीचं आहे.

बी पोटातून न जाताही रुजतं. पक्ष्याच्या पोटात मुख्यतः गर सुटतो आणि बी झाडापासून दूर पडतं. हे काम एकटा कावळा करत नाही. तांबट, बुलबुल, साळुंकी, कोकीळ आणि वटवाघळंही करतात. पंचगंगा घाटाच्या दगडी सांध्यांत पिंपळ उगवतो तो अशाच विष्ठेतून.

स्वतः करून बघा. झाडावर पूर्ण पिकलेली फळं घ्या. कच्ची गळालेली नकोत, कारण त्यांत सहसा तयार बी नसतं. वडा-पिंपळाच्या फुलांचं परागीकरण फळात शिरणारी इवलीशी गांधीलमाशी करते, ते झालं नाही तर बी धरत नाही. फळं पाण्यात चुरून फडक्यातून गाळा, गर पूर्ण धुवा. राहिला तर बुरशी धरते. बी जेमतेम 1 मिलिमीटरचं. वाळू आणि चाळलेलं शेणखत समप्रमाणात भरलेल्या कुंडीत ते वरच भुरभुरा. मातीखाली पुरू नका, त्याला उजेड लागतो. बहुतेकांचं इथंच चुकतं. झारीनं बी वाहून जातं, म्हणून फवाऱ्यानं ओलावा ठेवा. उबदार हवेत 2 ते 4 आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात.