परोपजीवी गांधीलमाश्या : कोकणच्या परसबागेतील ओळख

ज्यांच्या अळ्या दुसऱ्या कीटकाच्या अंगात किंवा अंगावर पोसल्या जातात आणि शेवटी त्या यजमानाचा जीव घेतात, त्या गांधीलमाश्यांना परोपजीवी म्हणतात. मुंग्या आणि मधमाश्यांबरोबर त्यांचा समावेश हायमेनॉप्टेरा गणात होतो. दुसऱ्या कीटकावर पोसतात त्या अळ्या. प्रौढ माशीला उडण्यासाठी मध लागतो आणि त्यासाठीच ती फुलावर येते. तिची जीभ तोकडी असल्याने पेंटगुळाच्या लांब नळीतला मध तिला मिळत नाही. तुळशीच्या मंजिऱ्या, बियांसाठी ठेवलेली कोथिंबीर, शेपू व बडीशेप, कढीपत्त्याचा फुलोरा, कुंपणाकडेची एकदांडी ही तिची खरी ठिकाणे. पाऊस ओसरल्यावर, सकाळी ऊन चढत असताना अंगणातल्या वृंदावनाजवळ थोडा वेळ थांबले तरी यांतली एखादी दिसते.

ओळखताना आधी पंख पाहावेत. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची सिर्फिड माशी गांधीलमाशीसारखी दिसते, पण तिला पंखांची एकच जोडी असते, मिशा अगदी आखूड असतात आणि डोळ्यांनी जवळजवळ सगळे डोके व्यापलेले असते. गांधीलमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात आणि बहुतेकींची कंबर बारीक असते. रंगावर मात्र विसंबू नये, कारण तेच पिवळे-काळे पट्टे कितीतरी वेगवेगळ्या कुळांत आढळतात.

फुलांवर सर्वांत ठळक दिसतात त्या स्कोलिइडी कुळातल्या माश्या. त्या आकाराने मोठ्या, काळ्या व केसाळ असतात. काहींच्या पोटावर पिवळे किंवा नारिंगी पट्टे असतात. अनेकींच्या गडद पंखांवर निळी-जांभळी झाक असते आणि पंखांच्या टोकाकडे बारीक उभ्या सुरकुत्या दिसतात. ही खूण जवळून पाहिल्यास चुकत नाही. नर सडपातळ, लांब मिशांचा असतो व त्याच्या पोटाच्या टोकाला काटे असतात. मादी जमिनीलगत घिरट्या घालते, माती उकरून हुमणीपर्यंत, म्हणजे मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीपर्यंत, पोचते, डंखाने तिला लुळी करते आणि तिच्या अंगावर अंडे घालते. बागेला हुमणीचा त्रास असेल, तर ही माशी आवर्जून जपावी.

खाल्सिडिडी कुळातली माशी काही मिलिमीटरचीच, पण मागच्या पायाची फुगीर मांडी आणि तिच्या खालच्या कडेचे दाते भिंगाखाली लगेच दिसतात. ब्रॅकिमेरिया ही त्यांतली नेहमी भेटणारी प्रजाती. ती फुलपाखरे व पतंगांच्या कोशांत वाढते. हिरवी-निळी चकाकणारी, धोका वाटताच अंगाची गोळी करणारी माशी क्रायसिडिडी कुळातली. त्यांतल्या काही कुंभारीण माशीच्या मातीच्या घरट्यात अंडी घालतात.

इक्न्युमोनिडी (जगभरात सुमारे २५,००० ज्ञात जाती) आणि ब्रॅकोनिडी या दोन कुळांत गोंधळ होतोच. दोन्हींच्या मिशा लांब असतात व पुष्कळ माद्यांना मागे दोऱ्यासारखी नळी असते. ही नळी अंडी घालण्यासाठी असते, त्यामुळे ती पाहून घाबरण्याचे कारण नाही. खरा फरक पुढच्या पंखाच्या शिरांत आहे : मागे वळणाऱ्या आडव्या शिरा इक्न्युमोनिडीत सहसा दोन असतात, तर ब्रॅकोनिडीत फार तर एक. म्हणून छायाचित्र घेताना पसरलेला पंख, मिशा, कंबर आणि मागचा पाय स्पष्ट येतील असे पाहावे. तरीही छायाचित्रावरून बहुधा कुळापर्यंतच पोचता येते आणि तिथे थांबणेच प्रामाणिकपणाचे आहे.

माडबागायतदारांना यांतली एक माशी कामाची म्हणून माहीत आहे : बेथिलिडी कुळातली गोनिओझस नेफॅन्टिडिस. नारळाच्या काळ्या डोक्याच्या अळीच्या नियंत्रणासाठी ती प्रयोगशाळेत वाढवून बागेत सोडतात. मादी अळीला लुळी करून तिच्यावर अंडी घालते आणि पिल्लांची राखणही करते. तिला प्रयोगशाळेत मध पाजतात. बागेत मात्र फुलेच हवीत. माश्या सोडलेल्या बागेत त्याच सुमारास कीटकनाशक फवारले, तर अळीआधी त्याच मरतात.

झाडावरच्या अळीच्या अंगाला तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे कोश चिकटलेले दिसतात. अनेकांना ती अळीची अंडी वाटतात आणि ती चिरडली जातात. ते ब्रॅकोनिडी माशीचे कोश असतात. असे पान अळीसकट काचेच्या बरणीत ठेवावे, तोंडाला पातळ फडके बांधावे आणि तारीख, झाड व अळीची माहिती चिठ्ठीवर लिहावी. बाहेर येणाऱ्या माशीचा यजमान मग नक्की ठाऊक असतो, आणि अभ्यासकाला जात ठरवताना त्याचा फुलावरच्या छायाचित्रापेक्षा कितीतरी जास्त उपयोग होतो.