‘घ्यायची नाही’ मधलं ‘नाही’

फेब्रुवारीत आईची रक्तदाबाची औषधं बदलली. डॉक्टरांनी मला फोन करून सांगितलं, मी रात्री नऊच्या इंटरनेट कॉलवर आईला सांगितलं, ‘सकाळची पांढरी गोळी आता घ्यायची नाही.’ आई म्हणाली, ‘बरं.’ पाच दिवसांनी कळलं की ती गोळी ती रोज घेते आहे. तिच्या कानावर पडलं होतं, ‘सकाळची पांढरी गोळी आता घ्यायची.’ नशिबाने काही बिघडलं नाही, पण त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. तो एक शब्द गळला तर वाक्य अर्धवट वाटत नाही, नेमकं उलटं होतं, आणि ऐकणाऱ्याला काही राहून गेल्याची शंकासुद्धा येत नाही.

आई मिरजेला असते, मी ठाण्याला. आधीचे दोन महिने आम्ही सगळे तिच्या कानांना दोष देत होतो. दादाने तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, श्रवणयंत्र तपासून आणलं, नवा फोन घेऊन दिला. आईनेही मान्य करून टाकलं होतं, ‘अगं, वयच झालंय माझं.’ हे वाक्य मला आजही टोचतं, कारण दोष तिच्या कानात नव्हता. तो माझ्या घरात, टीव्हीखालच्या कप्प्यात बंद करून ठेवलेल्या राउटरमध्ये, म्हणजे वायफायच्या डब्यात होता.

खूण पहिल्यापासून समोर होती. मला तिचा आवाज स्वच्छ येत होता. तुटत होता तो माझा आवाज, तिच्याकडे. इंटरनेटवरच्या कॉलमध्ये दोन्ही दिशांचा आवाज वेगवेगळा प्रवास करतो. समोरच्याला तुम्ही तुटक ऐकू येत असाल आणि तुम्हाला तो नीट, तर आधी आपल्या घरातून बाहेर जाणारी वाट तपासायची. समोरच्याचा फोन, समोरच्याचे कान नंतर.

नेटवाल्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, ‘मॅडम, शंभर मेगाबिटचा प्लॅन आहे तुमचा. दोनशेचा करून टाका.’ हा सल्ला बहुतेकांना मिळतो आणि बहुतेक वेळा तो उपयोगाचा नसतो. आवाजाला लागते किती जागा? टेलिफोनच्या जुन्या पद्धतीने आवाज अंकांत बदलला तर सेकंदाला ६४ किलोबिट होतात. हा आवाज छोट्या गठ्ठ्यांत, म्हणजे पॅकेटांत, जातो; प्रत्येक पॅकेटवर पत्ता लिहिण्याचा खर्च धरून ८०-९०. आजची बरीच ॲप वापरतात ती ऑपस ही २०१२ मध्ये प्रमाणित झालेली पद्धत याहून कमी जागेत याहून चांगला आवाज देते. १०० मेगाबिट म्हणजे १ लाख किलोबिट. तेवढ्यात हजार माणसं एकाच वेळी बोलू शकतील. जागा मुबलक होती. पॅकेटं वेळेवर पोचत नव्हती.

फोन आपल्या बोलण्याचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो, म्हणजे सेकंदाला ५०, आणि प्रत्येक तुकडा एका पॅकेटमध्ये घालून पाठवतो. ‘नाही’ हा शब्द सहज बोलताना सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा घेतो. म्हणजे पंधरा-सोळा पॅकेटं. मधलं एखादं हरवलं तर पलीकडचा फोन मागच्या आवाजावरून अंदाज बांधून भोक बुजवतो, कानाला पत्ता लागत नाही. सलग पंधरा गेली तर अंदाज कशावरून बांधणार? तिथे शांतता उरते.

हरवलेलं पॅकेट पुन्हा का मागवत नाहीत? भजनात टाळकऱ्याचा एक ठोका हुकला तर तो मागाहून वाजवून भरून काढत नाही, पुढचा ठोका धरतो. आवाजाचं तसंच आहे. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या आर्पानेटवरून, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरून, डॅनी कोहेन आणि त्यांचे सहकारी बोलणं पाठवण्याचे प्रयोग करत होते, तेव्हाच हा पेच समोर आला. फायलींच्या वाहतुकीत एक पॅकेट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी थांबवून ठेवायची. फाइल पूर्ण हवी, चार क्षण उशीर चालतो. बोलण्यात चार क्षणांचा उशीर म्हणजे संभाषणच मोडलं. पुढे १९७८ मध्ये टीसीपी (हरवलेलं पुन्हा मागवणारा) आणि आयपी (नुसतं पत्त्यावर पोचवू पाहणारा) हे दोन नियम वेगळे केले गेले, त्यामागे आवाजाची ही गरज मोठं कारण होती. १९८० मध्ये यूडीपी हा तिसरा नियम आला, जो पॅकेट पाठवतो आणि पुढे जातो. आपले बहुतेक कॉल आजही त्यावरच चालतात.

म्हणून कॉलच्या बाबतीत उशिरा आलेलं पॅकेट आणि न आलेलं पॅकेट यांत फरक नाही. पलीकडचा फोन पॅकेट आल्या आल्या वाजवत नाही, थोडी शिल्लक हाताशी ठेवतो, म्हणजे एखादं मागेपुढे झालं तरी आवाज सलग राहतो. पण ही शिल्लक सेकंदाच्या काही शतांश भागांचीच असते. ती वाढवली तर दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे की एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. उशीर कमी-जास्त होत राहण्याला जिटर म्हणतात, आणि कॉलचा खरा शत्रू तोच. कायम ८० मिलिसेकंद उशीर असेल तर कुणाला कळणारही नाही. आत्ता १०, मग ४००, मग पुन्हा ३० असं झालं की शब्द गळतात.

आता हा चढउतार होतो कुठे? माझ्या घरात तो दोन ठिकाणी होत होता.

पहिलं ठिकाण हवेतलं. वायफायमध्ये एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका वाटेवर, एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. बाकीच्यांनी ऐकत थांबायचं, हवा मोकळी झाली की थोडा वेळ, चिठ्ठी टाकल्यासारखा, वाट पाहून बोलायचं. दोघं एकदम बोलले तर दोन्ही पॅकेटं वाया, आणि पुढच्या खेपेची वाट पाहण्याची मर्यादा दुप्पट. माझा जुना राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालायचा. या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेलं जेमतेम तीन आहेत: १, ६ आणि ११. आमच्या इमारतीत फोनवर वायफायची यादी उघडली तर तीसच्या वर नावं दिसतात. रात्री नऊला प्रत्येक घरात टीव्ही, फोन, लॅपटॉप चालू. ती सगळी त्या तीन चॅनेलांवर एकमेकांसाठी थांबत असतात, आणि त्यात कुणाचा मायक्रोवेव्ह सुरू झाला तर तोही २.४५ गिगाहर्ट्झच्याच आसपास गुणगुणतो.

वायफायचा आणखी एक पट्टा ५ गिगाहर्ट्झचा. त्याच्या लहरी लांबीला निम्म्या, सुमारे सहा सेंटिमीटर. त्या भिंतीतून कमी पार होतात, म्हणून लोक त्यांना नावं ठेवतात. दाट वस्तीच्या इमारतीत मला हाच त्यांचा मोठा गुण वाटतो: शेजाऱ्यांचा गोंगाट त्यांच्याच भिंतीत अडतो. शिवाय चॅनेलं पुष्कळ आहेत.

दुसरं ठिकाण म्हणजे रांग, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. आमचं कनेक्शन जुन्या केबलवरचं: यायला १०० मेगाबिट, जायला १०. मुलगा नऊच्या सुमाराला फोन चार्जिंगला लावतो. चार्जर लागला की त्याचा फोन दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतो. त्याचा फोन राउटरच्या शेजारीच, तो जोरात माल ओततो. बाहेरची वाट मात्र १० मेगाबिटची. उरलेली पॅकेटं मॉडेमच्या, म्हणजे राउटरला बाहेरच्या केबलशी जोडणाऱ्या यंत्राच्या, स्मृतीत रांग लावतात. ती स्मृती समजा एक मेगाबाइट असेल, तर म्हणजे ८ मेगाबिट. १० च्या वाटेने ती रिकामी व्हायला ०.८ सेकंद लागतो. माझं ‘नाही’ त्या रांगेच्या शेपटाला उभं. आणि रांग भरून वाहू लागली की नवी आलेली पॅकेटं टाकूनच दिली जातात, त्यात फोटो कोणता आणि आवाज कोणता हे कुणी पाहत नाही.

२०१० मध्ये बेल लॅब्स या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत काम करणारे जिम गेटिस घरून एमआयटी या विद्यापीठाकडे जुन्या फायली पाठवत होते. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की एरवी चटकन फिरून येणारं पॅकेट आता सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतंय. स्मृती स्वस्त झाली म्हणून उत्पादकांनी उपकरणांत ती सढळ हाताने घातली होती. पॅकेट टाकून देणं वाईट, असा त्यामागचा भाबडा हिशेब. पण फाइल पाठवणारा संगणक पॅकेट हरवल्यावरच आपला वेग कमी करतो. रांगेत सगळं सामावून घेतलं तर त्याला गर्दी झाल्याचं कळतच नाही. गेटिस यांनी या दुखण्याला बफरब्लोट असं नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल नावाचा तोडगा मांडला. रांग किती लांब आहे हे पाहायचंच नाही, प्रत्येक पॅकेट किती वेळ तिष्ठतंय ते पाहायचं. तो वेळ ५ मिलिसेकंदांच्या वर टिकून राहिला तर एखादं पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला इशारा द्यायचा.

त्याचीच पुढची पायरी एफक्यू-कोडेल. पिठाच्या गिरणीत लग्नघरचं गव्हाचं पोतं आधी लागलं, तर मागे अर्धा किलो भाजणीचा डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईला तासभर खोळंबावं लागतं. इथे प्रत्येक गिऱ्हाइकाची रांग वेगळी केली जाते आणि पाळीपाळीने थोडं थोडं दळलं जातं. डबा लगेच मोकळा होतो, आणि पोत्याला फारसा फरक पडत नाही. कॉल म्हणजे तो भाजणीचा डबा. ही व्यवस्था २०१२ पासून लिनक्स या संगणकप्रणालीत आहे, २०१८ मध्ये ती आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली, आणि तरीही कितीतरी घरांतल्या राउटरांमध्ये ती नाही किंवा बंद ठेवलेली असते.

नवा राउटर आणण्याआधी मी एक संध्याकाळ पिंग लावून बसले. माइक म्युस यांनी १९८३ मध्ये लिहिलेली ही छोटी आज्ञा एक पॅकेट पाठवते आणि परत यायला किती वेळ लागला ते सांगते. लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडल्या: एकीत राउटरला पिंग, दुसरीत बाहेरच्या एका सर्व्हरला. दुपारी राउटर २-३ मिलिसेकंद, बाहेर १४-१५. रात्री नऊला राउटरचेच आकडे ४०, ९०, ६ असे उड्या मारू लागले. हा हवेतला दोष. मग मुलाने चार्जर लावला. मिनिटभरात बाहेरचे आकडे ३१०, ७४०, ८६०. ती रांग मी डोळ्यांनी पाहत होते. मुलगाही शेजारी येऊन उभा राहिला आणि न सांगता त्याने चार्जर काढला. आकडे खाली आले.

हे दोन्ही आकडे स्थिर असतील आणि तरी कॉल तुटत असेल, किंवा घरात कुणीच काही करत नसताना बाहेरचा आकडा नाचत असेल, तर राउटर बदलून पैसे घालवू नका. दोष बाहेरच्या तारेत किंवा पलीकडच्या घरात आहे.

राउटर निवडताना अँटेना मोजण्यात अर्थ नाही, खोक्यावरचा मोठा आकडाही सोडून द्यावा. मी दोन गोष्टी पाहिल्या: ५ गिगाहर्ट्झ आहे का, आणि रांग सांभाळायची सोय, म्हणजे एसक्यूएम, आहे का. त्यात एक मेख आहे. रांग मॉडेममध्ये लागत होती आणि मॉडेमवर माझा ताबा नाही. म्हणून राउटरला सांगायचं की बाहेर ९ मेगाबिटच्या वर काही सोडू नकोस. मग रांग मॉडेममध्ये लागतच नाही, ती राउटरमध्ये लागते, जिथे तिला शहाणपणाने हाताळणारं कुणीतरी बसलेलं आहे. एक मेगाबिट सोडून दिला, त्याची मला कधी आठवणही झाली नाही. राउटर टीव्हीच्या कप्प्यातून काढून पॅसेजमध्ये उंचावर लावला. आता मुलाचे फोटो चढत असतानाही बाहेरचा आकडा २०-२५ च्या वर सहसा जात नाही.

त्यानंतरच्या पहिल्या कॉलवर मी आईला गोळ्यांची यादी वाचून दाखवली आणि तिच्याकडून परत म्हणवून घेतली. ‘घ्यायची नाही’ तिने बरोबर म्हटलं. ही परत म्हणवून घ्यायची सवय मी सोडणार नाही. आता कधीतरी तिचा आवाज मला तुटतो. तिच्याकडचा राउटर देवघरात, लोखंडी कपाटाच्या मागे आहे. शनिवारी मिरजेला जाते आहे, पिशवीत पंधरा मीटर लॅनची वायर घेतली आहे.