गाईच्या दुधातील खनिजे आणि जड धातू

गाईचे दूध आटवून, वाळवून भट्टीत सुमारे ५५० अंश सेल्सिअसला जाळले की तळाशी पांढरट राख उरते. १०० ग्रॅम दुधाची राख जेमतेम ०.७ ग्रॅम भरते. एवढ्याशा राखेत वासराची हाडे, दात, रक्त आणि स्नायू घडवायला लागणारी जवळजवळ सगळी खनिजे असतात. पण शिसे किंवा आर्सेनिक (सोमल) दुधात उतरले असेल, तर तेही याच खनिजांच्या सोबतीने आलेले असते.

१०० ग्रॅम दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम, ९५ मिलिग्रॅम फॉस्फरस, १५० मिलिग्रॅम पोटॅशियम, १०० मिलिग्रॅम क्लोराइड, ४५ मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम आणि ११ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. जस्त ०.४ मिलिग्रॅम. लोह व तांबे त्याहूनही कितीतरी कमी. जात, वेताचा टप्पा आणि ऋतू यांप्रमाणे हे आकडे थोडे हलतात.

‘जड धातू’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. घनतेने पाहिले तर तांबे आणि जस्तही जडच, पण शरीराला ते हवे असतात. आर्सेनिक तर काटेकोरपणे धातूही नाही. दुधाच्या संदर्भात शिसे, कॅडमियम, पारा आणि आर्सेनिक ही चार नावे प्रामुख्याने येतात. या चारांचा शरीराला काही उपयोग नाही. तांबे मात्र सीमेवर उभे आहे. थोडे हवेच, जास्त झाले तर यकृत पोखरते. पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांना हे फार जवळून पाहावे लागले. त्याविषयी पुढे येईल.

खनिजे दुधात कशी राहतात

एवढे कॅल्शियम आणि फॉस्फेट साध्या पाण्यात घातले तर खडूसारखे तळाशी बसेल. दुधात ते बसत नाही, कारण केसीन या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म गोळ्यांनी ते आपल्यात बांधून घेतलेले असते. दुधातले सुमारे दोन तृतीयांश कॅल्शियम या गोळ्यांत असते, उरलेले भोवतालच्या पाण्यात विरघळलेले. बहुतेक जस्तही केसीनलाच चिकटलेले असते. बाहेरून आलेले तांबेही केसीन असेच पकडते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दूध आंबट होऊ लागले की या गोळ्यांतले कॅल्शियम सुटून पाण्यात येते. म्हणून श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगले की खाली ठिबकणाऱ्या हिरवट-पिवळ्या पाण्याबरोबर बरेचसे कॅल्शियम निघून जाते. चक्क्यात प्रथिन भरपूर राहते, पण त्या मानाने कॅल्शियम दह्याइतके राहत नाही. हे पाणी मोरीत ओतण्याऐवजी कणीक भिजवायला किंवा कढीत वापरणारी घरे शहाणी म्हणायची. रेनेट (दूध गोठवणारे विकर) घालून केलेल्या चीजमध्ये दूध आंबण्याआधीच गोठते, म्हणून कॅल्शियम त्यातच राहते.

उकळल्याने धातू नाहीसे होत नाहीत. उलट पाणी उडून जाते आणि बासुंदीत, खव्यात जे असेल ते दाट होते. ५ लिटर गाईच्या दुधाचा साधारण १ किलो खवा पडतो, म्हणजे चांगले-वाईट सगळेच त्याच हिशेबाने वाढते. तुपात मात्र खनिजे नावापुरतीच असतात, कारण ती केसीन आणि पाण्याबरोबर मागे राहतात.

गाय काय देते, काय अडवते

चाऱ्यात कॅल्शियम कमी पडले म्हणून दुधातले कॅल्शियम लगेच उतरत नाही. गाय ते आपल्या हाडांतून काढून देते. व्यायल्यानंतरच्या पहिल्या दिवसात हा ओढा सर्वांत जास्त असतो. चिकात नेहमीच्या दुधापेक्षा कॅल्शियम जास्त असते. १० लिटर चीक निघाला तर त्यातून २३ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जाते, आणि गाईच्या रक्तद्रवात एका वेळी असते अवघे ३ ग्रॅमच्या घरात. हाडे आणि आतडी वेळेवर पुरवठा करू शकली नाहीत तर भरपूर दूध देणारी गाय व्यायल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बसते. मान वळवून कुशीत घालते, कान गार पडतात, उठवले तरी उठत नाही. याला दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर असला तरी अंग बहुधा थंडच असते. पशुवैद्य मानेच्या शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली हळूहळू सोडतात. कित्येकदा बाटली संपता संपता गाय शेण टाकते आणि उभी राहते. हे ज्याने एकदा पाहिले, त्याला दुधातल्या कॅल्शियमची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

लोहाचा प्रकार उलटा आहे. गाईला कितीही लोह चारा, कास ते दुधात जवळपास उतरू देत नाही. त्यामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला मुख्यतः गाईच्या दुधावर ठेवले तर रक्तक्षयाचा धोका असतो. दुधात लोह कमी असते, दुधातले कॅल्शियम आणि केसीन इतर अन्नातल्या लोहाच्या शोषणात अडथळा आणतात, आणि काही तान्ह्यांच्या आतड्यांतून न दिसणारा रक्तस्राव होतो तो वेगळाच.

आयोडीन मात्र चाऱ्याप्रमाणे आणि गोठ्याच्या सवयींप्रमाणे बदलते. सडांच्या स्वच्छतेसाठी वापरलेल्या आयोडीनच्या द्रावणाचा अंशही दुधात येतो. ब्रिटनमध्ये २०व्या शतकात गलगंड मागे पडला, त्यात जनावरांच्या खाद्यातून आणि अशा द्रावणांतून दुधात आलेल्या आयोडीनचा मोठा वाटा होता. तसे कोणी ठरवून केलेले नव्हते.

कास सुजली, म्हणजे दगडी झाली, की रक्तातले सोडियम आणि क्लोराइड दुधात झिरपते, पोटॅशियम कमी होते आणि दूध खारट लागते. यंत्रावर दूध काढणाऱ्या मोठ्या गोठ्यांत दुधाची विद्युतवाहकता मोजून हा आजार लवकर ओळखतात, त्यामागे हेच कारण आहे.

विषारी धातूंच्या बाबतीत गाईचे शरीर पुष्कळदा चाळणीसारखे काम करते. कॅडमियम यकृत आणि मूत्रपिंडांत अडकून पडते, दुधात फारच थोडे येते. पश्चिम बंगालच्या आर्सेनिकग्रस्त भागात जनावरे कूपनलिकेचे दूषित पाणी पितात आणि त्याच पाण्यावर वाढलेल्या भाताचा पेंढा खातात. तिथेही आर्सेनिक शेणा-मुतातून बरेच बाहेर पडते, दुधात त्या मानाने कमी येते. शिसे अधिक फसवे आहे. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते, आणि कॅल्शियम दुधाकडे वळले की त्याच्यासोबत शिसेही थोडेफार वळते. जुनी फुटकी बॅटरी किंवा रंगाचा डबा गोठ्याजवळ पडला असेल तर जनावरे तो चाटतात. दात खाणे, आंधळेपणा, झटके अशी लक्षणे दिसतात, आणि वाचलेल्या गाईचे दूध काही काळ वापरता येत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय खाद्यमानकाप्रमाणे दुधात शिशाची कमाल मर्यादा किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम आहे, भारतातही तीच. एक किलो दुधात एका ग्रॅमचा पन्नास हजारावा भाग, एवढे हे बारीक मोजमाप आहे. ते करायला दुधाचा नमुना नायट्रिक आम्लात पचवून अणुशोषण वर्णपटमापकासारख्या यंत्रावर तपासावा लागतो. डेअरीच्या दारात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) काढून यातले काहीच कळत नाही.

कासेपासून ओठांपर्यंत

दुधातल्या धातूंच्या ज्या घटनांनी खरोखर मुले दगावली, त्यांतल्या सर्वांत मोठ्या घटनांत दोष गाईचा नव्हता. १९५५ साली पश्चिम जपानमध्ये मोरिनागा कंपनीची दूधभुकटी घेतलेली १२,००० हून अधिक बाळे आजारी पडली आणि सुमारे १३० दगावली. दूध स्थिर राहावे म्हणून तोकुशिमाच्या कारखान्यात घातलेल्या सोडियम फॉस्फेटमध्ये आर्सेनिक होते.

आपल्याकडची गोष्ट भांड्याची आहे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धापासून भारतात सहा महिने ते चार-पाच वर्षांच्या मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार होत असल्याचे डॉक्टर नोंदवत होते. पोट फुगे, यकृत हाताला दगडासारखे लागे, कावीळ होई आणि काही महिन्यांत मूल जाई. एकाच घरात पाठोपाठ दोन भावंडेही जात. १९७०च्या दशकाअखेर या मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड साठलेले आढळले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आजारी मुलांच्या घरचा आहार तपासला. अगदी लहानपणी वरचे दूध सुरू झालेले आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले, ठेवलेले, असे चित्र पुन्हा पुन्हा दिसले. १९८३ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पितळेत ताक-दही कळकते हे प्रत्येक आजीला ठाऊक होते. म्हणून तर कल्हई. भांडे भट्टीवर तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचे, की आत चांदीसारखा थर चढतो. पण रोज घासून तळाकडचा थर झिजतो आणि पितळेचा पिवळेपणा उघडा पडतो. आंबट पदार्थ कळकला तर जिभेला कळते. दुधात मात्र तांबे केसीनला चिकटून गुपचूप बसते, आणि बाळाला चव सांगता येत नाही. माया म्हणून वाटी-वाटीने दिलेल्या दुधातून हे घडत होते, हे वाचताना आजही पोटात कालवते.

लवकर निदान झालेल्या मुलांना तांबे शरीराबाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइन या औषधाने वाचवता आले. पण खरा उपाय स्टीलच्या पातेल्याने केला. भांडी बदलली, स्तनपानाचा प्रचार झाला आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातही १९०० ते १९७४ या काळात अशाच आजाराच्या १३८ मुलांची नोंद सापडली. तिथेही गाईचे दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवले जात असे, आणि कुटुंबांतल्या मांडणीवरून आनुवंशिक कमकुवतपणाही दिसून आला. त्याच भांड्यातले दूध पिऊन सगळी मुले आजारी का पडली नाहीत, याचे उत्तर बहुधा त्यात आहे.

तांब्या-पितळेची भांडी आता पुन्हा हौसेने घरात येत आहेत. मोठ्यांनी तांब्याच्या लोट्यातले पाणी पिणे वेगळे आणि तान्ह्याचे दूध त्यात ठेवणे वेगळे. बाळाचे दूध स्टीलमध्येच तापवावे. इतर स्वयंपाकाला पितळ वापरायचेच असेल तर आतला पिवळेपणा दिसू लागताच कल्हई करून घ्यावी, आणि कल्हईवाला वापरतो ते कथील शुद्ध आहे ना, हे विचारून घ्यावे. स्वस्तात पडावे म्हणून त्यात शिसे मिसळले असेल, तर एक धातू टाळताना दुसरा घरात येतो.