शेंगदाणा-साल अर्क

शेंगदाण्याच्या दाण्यावरील पातळ, तांबूस सालीपासून जलमिश्रित एथॅनॉलाने काढलेला पॉलिफिनॉलयुक्त (वनस्पतींतील फिनॉलवर्गीय संयुगांनी युक्त) अर्क. आरोग्यपूरक गोळ्या व भुकट्यांमध्ये प्रतिऑक्सिडीकारक (अँटिऑक्सिडंट) घटक म्हणून तो वापरतात. शेंगेचे बाहेरचे जाड टरफल येथे अभिप्रेत नाही. ते मुख्यतः सेल्युलोज व लिग्निनाचे असून बहुधा जळणाला जाते.

साल दाण्याच्या वजनाच्या सुमारे 3% भरते. कुटासाठी दाणे भाजून, चोळून, सुपात पाखडताना उडते ती हीच. पीनट बटर आणि सोललेले दाणे तयार करणाऱ्या कारखान्यांत तिचे ढीग साचतात. तिच्यातील टॅनिने प्रथिनांना बांधून त्यांचे पचन मंदावतात, त्यामुळे पशुखाद्यात ती बेतानेच मिसळावी लागते.

इतिहास : व्यापारी साहित्यात या अर्काच्या शोधाचे सर्व श्रेय फ्रान्समधील बॉर्दो विद्यापीठातील झाक मास्कलिए यांना दिले जाते. साधारण 1947–48 च्या सुमारास, शेंगदाण्याची साल खाण्यास अपायकारक आहे काय हे तपासताना त्यांनी तिच्यातून एक रंगहीन द्रव्य वेगळे केले. आम्लात तापवले की ते लाल होई. मात्र असा गुण असलेल्या द्रव्यांचा वर्ग त्याआधीच ज्ञात होता. ऑटो रोझेनहाइम यांनी 1920 मध्ये द्राक्षवेलीच्या संदर्भात त्यांना ‘ल्युकोअँथोसायनीन’ म्हटले होते. त्यामुळे वर्गाची ओळख रोझेनहाइम यांची आणि सालीतील द्रव्याचे उपयोजन मास्कलिए यांचे, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. या रेणूंची जोडरचना उलगडली ती 1960 नंतरच्या दशकात.

रसायन : सालीतील मुख्य घटक, म्हणजे वर उल्लेखिलेली रंगहीन द्रव्ये, प्रोसायनिडिने होत. कॅटेचीन व एपिकॅटेचीन यांचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन ती बनतात. द्राक्षबियांत प्रामुख्याने ‘बी’ प्रकार आढळतो. त्यात दोन घटकांमध्ये एकच कार्बन–कार्बन बंध असतो. शेंगदाण्याच्या सालीत ‘ए’ प्रकार विपुल असतो. त्यात याखेरीज ऑक्सिजनमार्फत जोडणारा दुसरा बंध असतो आणि दोन हायड्रोजन अणू कमी असतात. म्हणून द्विवारिकाचा (दोन घटकांच्या जोडरेणूचा) रेणुभार ‘बी’ मध्ये 578, तर ‘ए’ मध्ये 576 येतो. या दोन एककांच्या फरकाला बाजारात फार महत्त्व आहे. द्राक्षबी अर्क महाग, शेंगदाण्याची साल स्वस्त आणि दोन्ही भुकट्या तांबूस तपकिरी. एकूण फिनॉले मोजणाऱ्या साध्या रंगचाचणीत भेसळ लपून जाते; ती ओळखता येते या फरकावरून. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात द्राक्षबी अर्काच्या 21 व्यापारी नमुन्यांपैकी 6 नमुन्यांत प्रामुख्याने शेंगदाणा-सालच निघाली. शेंगदाण्याची अधिहृषता (ॲलर्जी) असलेल्यांच्या दृष्टीने ही केवळ फसवणूक राहत नाही. रेस्व्हेराट्रॉल या द्राक्षांतही आढळणाऱ्या पॉलिफिनॉलाचा उल्लेख वेष्टनांवर ठळक असतो. सालीत ते अत्यल्पच आहे.

निर्मिती : साल कशी काढली यावर बरेच अवलंबून असते. कोरडे भाजून काढलेल्या सालीत फिनॉले बव्हंशी टिकतात. गरम पाण्यात सोलल्यास ती पाण्याबरोबर निघून जातात आणि उरलेला चोथा या कामी जवळजवळ निरुपयोगी ठरतो. सालीतील तेल आधी काढून टाकतात. मग जलमिश्रित एथॅनॉलात भिजवणे, गाळणे, कमी दाबाखाली एथॅनॉल परत मिळवणे, रेझिनाच्या स्तंभातून शुद्धीकरण व फवारा-शुष्कन असा क्रम असतो. कच्च्या मालातील अफ्लाटॉक्सिनाची (बुरशीजन्य विषाची) तपासणी अनिवार्य समजावी. बुरशी लागलेल्या दाण्यांची साल त्याच ढिगात असते.

गुणकारिता : परीक्षानळीतील प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेवरून शरीरातील परिणाम ठरवता येत नाही. मोठे प्रोसायनिडीन रेणू आतड्यातून फारसे शोषले जात नाहीत. अशा आकड्यांचा जाहिरातीत गैरवापर होतो हेही एक कारण देऊन अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012 मध्ये आपली ‘ओरॅक’ सारणी (खाद्यपदार्थांच्या या क्षमतेच्या आकड्यांची यादी) मागे घेतली. भारतात आरोग्यपूरक पदार्थांसाठी 2016 मध्ये स्वतंत्र विनियमावली अधिसूचित झाली.

इतर कडधान्ये : तूर, हरभरा, उडीद यांच्या डाळगिरण्यांतील टरफलातही फिनॉले असतात, गडद सालीच्या वाणांत ती अधिक, काबुली हरभऱ्यासारख्या फिक्या सालीत कमी. महाराष्ट्रात अकोला, लातूर, जळगाव येथील गिरण्यांमधून टरफल व चुणी मोठ्या प्रमाणावर निघते, पण तिला पशुखाद्याचे तयार गिऱ्हाईक असल्याने अर्कनिर्मितीला तोच भाव देऊन माल घ्यावा लागतो.