चक्रधरस्वामी

चक्रधरस्वामी (सुमारे ११९४–१२७४). महानुभाव पंथाचे प्रवर्तक. यादवकालीन महाराष्ट्रात त्यांनी वर्ण, जाती आणि लिंग यांचे भेद न मानता संन्यासदीक्षा दिली आणि निरूपणासाठी मराठी भाषा स्वीकारली. पंथीय त्यांना परमेश्वराच्या ‘पंचकृष्ण’ अवतारांपैकी पाचवे मानतात. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ (चक्रपाणी) आणि गोविंदप्रभू हे इतर चार होत.

चक्रधरांच्या पूर्ववृत्ताचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. परंपरेनुसार भडोच येथील प्रधान विशाळदेव यांचा पुत्र हरिपाळदेव मरण पावला, त्याच सुमारास द्वारावतीस (द्वारकेस) चांगदेव राऊळांनी देहत्याग केला, आणि त्यांनी हरिपाळाच्या देहात प्रवेश केल्यामुळे चितेवरचा तो देह उठून बसला. पुढे हरिपाळ द्यूतात हरला, देणे फेडण्यासाठी पत्नी कमळाइसेने दागिने देण्याचे नाकारले, आणि या प्रसंगातून आलेल्या विरक्तीने तो रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून घराबाहेर पडला. वाटेत ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंची भेट झाली व त्यांच्यापासून शक्तिस्वीकार (गुरूकडून ज्ञानशक्तीचे ग्रहण) झाला, असे पंथ मानतो. परकायाप्रवेशाच्या या कथेमुळे कालगणनेत दोन आरंभ संभवतात. ११९४ हे साल हरिपाळाच्या देहाच्या जन्माचे धरले जाते, तर चक्रधर या अवताराचा आरंभ देहप्रवेशापासून, म्हणजे साधारणतः १२२१ पासून मोजला जातो. कथेतील अलौकिक भाग श्रद्धेचा आहे. मात्र चक्रधर मूळचे गुर्जर प्रदेशातील एका संपन्न राजमान्य घराण्यातील होते, एवढा गाभा अविश्वसनीय मानण्याचे कारण दिसत नाही.

चरित्राचे मुख्य साधन म्हाइंभटाने संकलित केलेले लीळाचरित्र हे आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर, तेराव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकात, म्हाइंभटाने प्रत्यक्ष सहवास लाभलेल्यांच्या आठवणी गोळा करून तो ग्रंथ सिद्ध केला. त्यातील प्रसंग बहुधा स्थळांनी बांधलेले आहेत, सालांनी नव्हे. त्यामुळे कृष्णदेव (कान्हरदेव), महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या उल्लेखांवरून काळ ताडावा लागतो. मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली व ग्रंथ स्मरणातून पुन्हा सिद्ध करण्यात आला, असे परंपरा सांगते. हिराइसा पाठ, परशरामबास पाठ, पिढीपाठ असे भिन्न पाठ यामुळेच आढळतात. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली संहिता १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली.

जातिभेदाविषयीची चक्रधरांची भूमिका खंडनमंडनाच्या ग्रंथातून आलेली नाही, ती आचारधर्मातून आलेली आहे, आणि तिचे महत्त्व इथेच आहे. ‘चातुर्वर्ण्यं चरेद् भैक्ष्यम्’ या वचनानुसार भिक्षुकाने घराघरांत निवड न करता भिक्षा मागावी आणि झोळीत पडलेले अन्न एकत्रच सेवावे. अन्नाच्या सोवळ्यावर ज्या समाजात श्रेष्ठकनिष्ठता ठरत होती, तेथे भिक्षेचा हा नियम व्यवस्थेच्या मुळालाच स्पर्श करणारा होता. गोविंदप्रभूही ऋद्धिपुरात मातंगांच्या घरी जात, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. गुरूचा हा आचार शिष्याच्या शिकवणीत नियम होऊन आला, असे म्हणता येईल.

स्त्रियांचा संन्यासाधिकार हाच विचार पुढे नेणारा आहे. बाइसा, महदाइसा, आउसा, उमाइसा या शिष्या परिवारात होत्या, आणि महदाइसेचे धवळे (विवाहगीते) हे मराठीतील आद्य स्त्रीरचनांत गणले जातात. रजस्वलेचा विटाळ चक्रधरांनी मानला नाही. शरीराच्या इतर स्रावांसारखाच तोही एक स्राव, असे त्यांनी निरूपिले. भाषेबाबतही हीच दृष्टी आहे. त्यांचे उत्तराधिकारी नागदेवाचार्य यांनी पंथातील संस्कृतज्ञ शिष्य केशोबास यांना संस्कृतात लिहू नये असे सांगितले, कारण त्यामुळे पंथातील म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील.

चक्रधरांनी द्वैती तत्त्वज्ञान सांगितले. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी व परस्परभिन्न असून परमेश्वराच्या कृपेनेच जीवाला मोक्ष मिळतो. देवता हे परमेश्वराहून वेगळे व मोक्ष देण्यास असमर्थ असे पदार्थ मानल्याने देवतापूजेला गौणत्व आले, आणि तिच्यावर उपजीविका असलेल्या वर्गाचा रोष ओढवणे स्वाभाविक होते.

या विरोधाचा केंद्रबिंदू म्हणून यादवांचा प्रधान हेमाद्री याचे नाव परंपरेत येते. अखेरीविषयी मतभेद आहेत. १२७४ च्या सुमारास चक्रधर ‘उत्तरापंथे’ (उत्तरेकडे) निघून गेले ही पंथीय श्रद्धा आहे, तर काही कथनांत त्यांच्या शिरच्छेदाचा उल्लेख येतो. हा उल्लेख पंथीयांच्या भावनेला क्लेशदायक असल्याने तो श्रद्धेने नंतर रचला असण्याचा संभव कमी वाटतो, म्हणून त्याचा सहसा त्याग करू नये. प्रयाणानंतर नागदेवाचार्यांनी पंथाची घडी बसवली. तथापि भिक्षूंसाठी घातलेला समतेचा दंडक गृहस्थ अनुयायांच्या रोटीबेटी व्यवहारात तेवढा उतरला नाही, आणि पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ग्रंथ बंदिस्त झाल्याने ही शिकवण बाहेरच्या समाजाला विसाव्या शतकापर्यंत फारशी वाचताच आली नाही.