छोट्या कंपनीत नोकरी आहे, मॅटर्निटीचा पगार कोण देणार?

"आपली कंपनी छोटी आहे गं, आपल्याकडे ते मॅटर्निटी वगैरे नसतं." पाचव्या महिन्यात आमच्या साहेबांनी मला हे अगदी प्रेमाने सांगितलं आणि मीही खरं मानून घरी आले. तिथे अकाउंट्स मीच बघायचे, तरी मला माहीत नव्हतं, म्हणजे बघा.

तर कायद्याला "छोटी कंपनी" असं काही कळत नाही, त्याला डोकी कळतात. १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मातृत्व रजा आणि पगार द्यावाच लागतो. १० बायका नाही हां, १० माणसं! मागच्या १२ महिन्यांत एखाद्या दिवशी जरी १० भरली असतील तरी चालतं, त्यामुळे आज दोघं सोडून गेले म्हणून आपण सुटलो असं मालकाला म्हणता येत नाही. मी टेबलं मोजली तेव्हा आठ झाली, मग लक्षात आलं की डिलिव्हरीवाली दोन पोरं आणि ड्रायव्हर काका तर टेबलावर बसतच नाहीत, ते धरून अकरा.

दुसरं काम म्हणजे पगाराची स्लिप नीट बघा. त्यात ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापलेलं आहे का? पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर बहुतेक कापलेलं असतं, पगाराच्या ०.७५ टक्के, म्हणजे १८,००० ला १३५ रुपये. मालक वरून स्वतःचे ३.२५ टक्के भरतो. हे १३५ रुपये दर महिन्याला मीच एंट्री करत होते आणि ते कशासाठी जातात हे कधी विचारलं नाही. ईएसआय असेल तर रजेचा पैसा मालक देत नाही, हा विमा चालवणारं सरकारी महामंडळ, ईएसआयसी देतं, थेट आपल्या बँक खात्यात. म्हणून मालकाने तोंड वाकडं करायचं खरं तर कारणच नाही, त्याच्या खिशातून रजेच्या २६ आठवड्यांचा पगार जातच नाही, पण हे त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.

ईएसआयची अट अशी की आधीच्या दोन कॉन्ट्रिब्युशन पिरियडमध्ये मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. हे पिरियड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे धरतात, आणि अगदी आत्ताचे महिने लगेच मोजले जात नाहीत, त्यामुळे नुकतीच नोकरी लागली असेल तर ईएसआयसीच्या शाखेत जाऊन आपले दिवस आधीच बघून घ्या. कापलेत पण भरलेच नाहीत असंही होतं, ते ईएसआयसीच्या साइटवर आपल्या आयपी नंबरने (विमा नंबर) लॉगिन केलं की दिसतं. क्लेमही तिथूनच ऑनलाइन करता येतो, ईएसआय दवाखान्यातल्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट, आधार, बँक पासबुक आणि नंतर बाळाच्या जन्माचा कागद जवळ ठेवा.

ईएसआय नाही, पगार २१,००० च्या वर आहे आणि माणसं १० तरी आहेत, मग पैसे मालकाने द्यायचे. त्यासाठी डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं पाहिजे. पहिल्या दोन बाळांना २६ आठवडे, त्यातले डिलिव्हरीआधी जास्तीत जास्त ८ घेता येतात, आधीची दोन मुलं असतील तर १२ आठवडे. पैसे आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी पगाराने. डिलिव्हरीआधीच्या रजेचे पैसे डॉक्टरांचा कागद दिला की आगाऊ, आणि उरलेले जन्माचा पुरावा दिल्यावर ४८ तासांत द्यायचे असं कायद्यात आहे (आता ४८ तासांत कोण देतं ते सोडा, पण मागताना हा आकडा बोला). गर्भपात झाला तरी ६ आठवड्यांची पगारी रजा आहे, हे कुणी सांगतच नाही.

नोटीस लेखीच द्या, तोंडी नको. रजा कुठल्या तारखेपासून, डिलिव्हरीची तारीख काय, पैसे कुणाला द्यायचे एवढं लिहून डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडायचं, मेल करायचा आणि एक प्रत सही-शिक्क्यासह आपल्याकडे ठेवायची. आधी द्यायची राहिली तर बाळंतपणानंतर लगेच दिली तरी हक्क जात नाही. नोकरी लागल्याचं पत्र आणि मागच्या वर्षभराच्या स्लिपा आत्ताच घरी आणून ठेवा, रजेवर गेल्यावर कंपनीचा मेल बंद करतात, मग बसा शोधत.

एचआर किंवा सीए म्हणेल की १९६१ चा तो मातृत्व लाभ कायदा आता गेला. गेला म्हणजे सामाजिक सुरक्षा संहिता या नव्या कायद्यात गेला, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे आणि २६ आठवडे, ८० दिवस, १० माणसं हे सगळं त्यात तसंच आहे. रजेवर असताना कामावरून काढणंही बेकायदा आहे. दाद लागली नाही तर कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्यायची.

आणि खरंच पाच-सहाच माणसं असतील तर? तरी स्लिप बघा, काही मालक स्वतःहून ईएसआय घेतात. तेही नसेल तर प्रधानमंत्री मातृ वंदना योजना बघा, पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. पगाराच्या मानाने काहीच नाही, पण निकषात बसत असाल तर सोडू नका. अंगणवाडी ताई किंवा आशाताई फॉर्म भरून देतात, माता-बाल संरक्षण कार्ड लागतं, आणि बँक खात्याला आधार लिंक नसेल तर हप्ता अडकतो, तेवढं आधी करून घ्या.