वाचून झालेला धडा आणि येणारा धडा

इंग्रजीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी सहावी-सातवीतला विद्यार्थी एकच धडा चौथ्यांदा वाचत असतो. प्रत्येक ओळ आता ओळखीची झालेली असते, पान उलटण्याआधीच पुढे काय आहे ते आठवते आणि ‘झाला धडा’ असे म्हणून तो पुस्तक मिटतो. दुसऱ्या दिवशी त्याच धड्यावर ‘तुमच्या शब्दांत चार वाक्ये लिहा’ असा प्रश्न येतो आणि पहिल्याच वाक्याला पेन अडते. घरच्यांना वाटते, मुलाने अभ्यास केला नाही. मुलाला वाटते, आपल्याला इंग्रजी जमतच नाही. दोघांचेही निदान चुकलेले असते. अभ्यास झालेला असतो, पण समोर दिसणारी गोष्ट ओळखणे आणि समोर नसलेली गोष्ट आठवून मांडणे या स्मृतीच्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पुन्हा पुन्हा वाचण्याने पहिली पक्की होते, प्रश्नपत्रिका मात्र दुसरी मागते.

हा फरक किती मोठा असतो, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दिसते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी सुमारे अडीचशे शब्दांचा माहितीपर उतारा दिला. एका गटाने पाच-पाच मिनिटांच्या चार सत्रांत तो फक्त वाचला. एकूण सरासरी १४ वेळा. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात तो तीन-चारदा वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न पाहता आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आणि लिहिणाऱ्यांना ७१ टक्के मजकूर आठवला. आठवड्यानंतर घेतलेल्या चाचणीत चित्र उलटले: वाचणाऱ्यांच्या लक्षात ४० टक्के राहिला होता, तर लिहिणाऱ्यांच्या ६१ टक्के. मला यातली सर्वांत महत्त्वाची नोंद वेगळीच वाटते. आपल्याला हा उतारा पुढे किती आठवेल, असे विचारले असता अधिक खात्री व्यक्त केली ती चौदा वेळा वाचणाऱ्या गटाने. म्हणजे पुनर्वाचनाने विसरणे थांबत नाही, पण ‘आपल्याला येते’ ही भावना मात्र वाढते. आदल्या रात्रीच्या त्या समाधानाचा उगम येथे आहे, आणि त्यासाठी मुलाला दोष देण्यात काही अर्थ नाही.

तेव्हा सरावाचा पहिला बदल साधा आहे. धडा एकदा नीट समजून वाचावा, पुस्तक मिटावे, आठवेल ते इंग्रजीत लिहावे आणि मगच पुस्तक उघडून वेगळ्या रंगाच्या पेनने राहिलेले भरावे, चुकलेले दुरुस्त करावे. आठवताना होणारी ओढाताण त्रासदायक असते, पण स्मृती पक्की होते ती त्याच ओढाताणीतून. हे एका बैठकीत उरकण्यापेक्षा मध्ये दिवस सोडून करणे अधिक लाभाचे असते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून आणि स्वतःच विसरून पाहत १८८५ मध्ये दाखवून दिले होते की विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि अंतर ठेवून केलेली उजळणी सलग उजळणीपेक्षा कमी श्रमांत काम करते. परीक्षा जितकी लांब, तितके दोन उजळण्यांमधले अंतरही अधिक असावे. परीक्षा आठवड्यावर असेल तर एक-दोन दिवसांचे अंतर पुरते. महिन्यावर असेल तर आठवड्याहून थोडे अधिक अंतरही चालते.

येथवरचे सर्व कोणत्याही विषयाला लागू पडेल. इंग्रजीच्या अडचणी मात्र तिच्या स्वतःच्या आहेत, आणि त्यांतली पहिली लिपीची आहे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते जवळजवळ सरळ असते. च-ज-झ यांचे दुहेरी उच्चार, शब्दाच्या शेवटी गळणारा ‘अ’ असे थोडे अपवाद सोडले तर जसे लिहिले तसे वाचता येते. इंग्रजीत २६ अक्षरांवर सुमारे ४४ ध्वनींचा भार आहे. ‘ओ-यू-जी-एच’ ही चार अक्षरे ‘थ्रू’मध्ये एक उच्चार देतात, ‘दो’मध्ये दुसरा, ‘टफ’मध्ये तिसरा आणि ‘कॉफ’मध्ये चौथा. यामागे इतिहास आहे. इंग्लंडमध्ये विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये छापखाना सुरू केला, तेव्हा ‘नाइफ’ आणि ‘नी’ या शब्दांच्या आरंभीचा ‘के’ अजून बोलण्यात होता आणि दीर्घ स्वरांचे उच्चार बदलण्याची मोठी प्रक्रिया चालू होती. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू स्थिरावले, उच्चार मात्र पुढे निघून गेले. आज विद्यार्थी जे स्पेलिंग घोकतो, त्यात अनेकदा पाचशे वर्षांपूर्वीचा उच्चार गोठलेला असतो.

याची किंमत केवळ परभाषकांना मोजावी लागते असे नाही. फिलिप सीमूर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपातील तेरा भाषांतल्या नवशिक्या वाचकांची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या वर्षाच्या अखेरीस फिनिश, ग्रीक, इटालियन, स्पॅनिश आणि जर्मन मुले परिचित शब्दांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अचूक वाचत होती. इंग्रजी वाचणारी स्कॉटिश मुले केवळ ३४ टक्के. ही मुले वयाने थोडी लहान होती हे खरे, तरी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीसही त्यांची मजल ७६ टक्क्यांपर्यंतच गेली होती. तेव्हा सातवीतले मूल ‘दो’ आणि ‘टफ’ यांत गोंधळले, तर तो बुद्धीचा दोष समजू नये. असे शब्द सुटे-सुटे पाठ करण्यापेक्षा सारख्या घडणीच्या शब्दांच्या गटांत शिकावेत: ‘लाइट, नाइट, फाइट, राइट’ एकत्र, ‘थॉट, बॉट, ब्रॉट’ एकत्र. शब्द मोठ्याने उच्चारत लिहिला की डोळा, कान आणि हात एकाच वेळी त्याच क्रमाची नोंद घेतात. सरावलेल्या वाचकाची नजर ओळीवरून सरकत जात नाही, ती उड्या मारते, आणि प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद स्थिरावते. शब्द अनोळखी असेल तर हा थांबा लांबतो, नजर मागे वळते, आणि ओळीचा आरंभ लक्षातून निसटतो. वाचनाचा वेग घड्याळ लावून वाढवण्याचा प्रयत्न म्हणूनच फारसा उपयोगी पडत नाही. शब्द ओळखणे आपसूक होऊ लागले की वेग मागोमाग येतो.

तरीही अस्खलित वाचणाऱ्या मुलाला उतारा समजलेला असतोच असे नाही. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचे आकलन हा दोन गोष्टींचा गुणाकार मानला: लिपी उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता. बेरीज न मानता गुणाकार मानण्याचे कारण असे की दोहोंपैकी एक शून्य असेल तर फळही शून्यच येते. भाषा समजण्यात पहिला वाटा शब्दसंग्रहाचा. उतारा शब्दकोशाविना आणि अडखळल्याविना समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, असे दुसऱ्या भाषेतील वाचनाच्या अभ्यासकांना आढळले आहे. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच नवा शब्द. सरावासाठी उतारा निवडताना हे माप फार उपयोगी आहे. दर ओळीत एक कठीण शब्द असलेला उतारा घेऊन बसवणे म्हणजे वाचनाच्या नावाखाली शब्दकोश चाळायला लावणे आहे.

शब्दांइतकाच वाटा विषयाच्या माहितीचा आहे, आणि शिकवणीत याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या खेळातील एका डावाचे वर्णन वाचायला दिले. ज्यांचे वाचन कच्चे पण बेसबॉलचे ज्ञान पक्के होते, त्या मुलांनी वाचनात हुशार पण खेळाबद्दल अनभिज्ञ असलेल्या मुलांपेक्षा ते वर्णन कितीतरी चांगले आठवून मांडले. वाचणारा कागदावरचे शब्द आपल्याजवळच्या माहितीच्या चौकटीत बसवत जातो; चौकटच नसेल तर शब्द सुटे राहतात. म्हणून इंग्रजी आकलनाच्या तयारीत मातृभाषेतल्या वाचनाला मी फार वरचे स्थान देतो. ज्वालामुखी, मधमाश्या, उपग्रह, रक्ताभिसरण यांविषयी मुलाने मराठीत आवडीने वाचलेले असेल, तर परीक्षेत त्याच विषयावरचा अपरिचित इंग्रजी उतारा त्याला निम्मा तरी ओळखीचा असतो. मराठी पुस्तक हातातून काढून घेऊन ‘आधी इंग्रजीचा अभ्यास कर’ असे सांगणारे पालक नकळत इंग्रजीचेच नुकसान करतात.

आकलनाचा आणखी एक पैलू म्हणजे आपल्याला समजत नाही हे समजणे. एलन मार्कमन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिसरी, पाचवी आणि सहावीच्या मुलांना मुद्दाम विसंगत मजकूर ऐकवला. माशांना दिसण्यासाठी प्रकाश लागतो, समुद्राच्या तळाशी अजिबात प्रकाश नसतो, आणि तळाशी राहणारे काही मासे आपले अन्न रंगावरून ओळखतात, असे त्यात होते. सहावीतल्याही अनेक मुलांना यात काहीच खटकले नाही. त्यांनी प्रत्येक वाक्य वेगवेगळे समजून घेतले, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ घातला नाही. परीक्षेतल्या ‘लेखकाला काय सुचवायचे आहे’ यासारख्या प्रश्नांवर मुले अडतात ती याच कारणाने, कारण ते उत्तर कोणत्याही एका ओळीत नसते. यावरचा उपाय ॲनमेरी पॅलिन्कसर आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ मध्ये सातवीच्या विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगात दाखवला. ही मुले शब्द ठीक वाचत, पण त्यांचे आकलन कमी होते. छोट्या गटात प्रत्येकाने आळीपाळीने शिक्षकाची जागा घ्यायची, परिच्छेदाचा सारांश सांगायचा, त्यावर प्रश्न विचारायचा, अवघड जागा स्पष्ट करायची आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा, असा क्रम त्यांनी आखला. सुमारे वीस दिवसांच्या सरावात आकलन ठळकपणे सुधारले. घरी भावंडे किंवा दोन मित्र मिळूनही हे करता येते. उताऱ्याखाली छापलेले प्रश्न झाकून ठेवून स्वतःचे तीन प्रश्न तयार करायचे आणि मग छापील प्रश्नांशी ताडून पाहायचे, हा त्याचाच एकट्याने करायचा प्रकार आहे.

लेखनाकडे वळले की मेंदूवरचा भार एकदम वाढतो. जॉन हेज आणि लिंडा फ्लॉवर यांनी १९८१ मध्ये मांडल्याप्रमाणे लिहिणारा माणूस योजना आखणे, विचार शब्दांत उतरवणे आणि लिहिलेले तपासणे ही कामे एकामागून एक करत नाही, तर त्यांच्यात सतत ये-जा करतो. एका वेळी मनात धरता येणाऱ्या गोष्टी मात्र चारच्या आसपास असतात. स्पेलिंग आणि अक्षरवळण यांतच त्या जागा भरल्या तर विचाराला जागा उरत नाही. मराठी मुलाला तर वाक्याची घडणही उलटी करावी लागते: आपले क्रियापद शेवटी येते, इंग्रजीचे कर्त्यामागोमाग; आपण ‘टेबलावर’ म्हणतो, इंग्रजीत ‘वर’ आधी आणि टेबल नंतर; ‘अ, ॲन, द’ यांना तर मराठीत जोडच नाही. मनात मराठी वाक्य पूर्ण तयार करून मग त्याचे भाषांतर करणाऱ्या मुलाची दमछाक येथे होते.

स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवरील लेखनप्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. आराखडा आणि तपासणी यांच्या पद्धती टप्प्याटप्प्याने शिकवणे, सारांशलेखन आणि लहान वाक्ये जोडून मोठे वाक्य करण्याचा सराव यांचा चांगला परिणाम त्यांना दिसला. लेखनापासून तोडून शिकवलेल्या व्याकरणाचा मात्र दिसला नाही. वाक्यजोडीचा सराव आपल्या मुलांसाठी विशेष सोयीचा आहे, असे मला वाटते. ‘द बॉय वॉज टायर्ड’ आणि ‘ही फिनिश्ड हिज वर्क’ ही दोन वाक्ये ‘दो’, ‘बट’, ‘स्टिल’ वापरून तीन प्रकारे जोडताना शब्द दिलेलेच असतात, त्यामुळे सगळे लक्ष रचनेवर राहते. रोज दहा मिनिटे असे केल्याने इंग्रजी शब्दक्रम हातात बसतो. पाठ केलेल्या निबंधातून हे साधत नाही, कारण तेथे रचना दुसऱ्याने आधीच केलेली असते आणि विषय जरासा बदलला तरी विद्यार्थी रिकाम्या हातांनी उभा राहतो.

तपासणीसाठी मात्र स्वतंत्र वेळ हवा, शक्य तर दुसरा दिवस. नुकतेच लिहिलेले वाचताना मेंदू कागदावरचे कमी आणि मनातले अधिक वाचतो, त्यामुळे गाळलेला ‘द’ दिसतच नाही. रात्र मध्ये गेली की तोच कागद थोडा परका होतो. तो मोठ्याने वाचावा, आणि एका फेरीत एकच गोष्ट पाहावी: आधी क्रियापदांचे काळ, मग ‘अ, ॲन, द’, मग स्पेलिंग. परीक्षेत दुसरा दिवस मिळत नाही, पण घरी महिनाभर याच क्रमाने पाहिलेला डोळा शेवटच्या पाच मिनिटांत आपल्या नेहमीच्या चुकांकडे आधी वळतो.

या सगळ्यासाठी नव्या पुस्तकांचा ढीग लागत नाही. दीडशे शब्दांचा एकच उतारा सोमवारी वाचून मिटून लिहावा, बुधवारी त्यावर स्वतःचे प्रश्न काढावेत, शनिवारी न पाहता त्याचा चार वाक्यांत सारांश लिहावा आणि पुढच्या सोमवारी पुन्हा आठवून पाहावे. चारही कागद शेजारी ठेवले की दुरुस्तीचा रंग कोठे कमी झाला आणि कोठे तसाच राहिला हे विद्यार्थ्याला स्वतःच दिसते, आणि पुढच्या आठवड्याचा उतारा त्या उरलेल्या जागा पाहून निवडता येतो.